उंबरमळ्याची पड

उंबरमळा कुठं, म्हणून नव्या माणसाला विचाराल तर त्याला सांगता येणार नाही. नगर सोडून सीना नदीच्या अंगानं चालायला लागलं की आधी लाकडाच्या वखारी लागतात, मग पत्र्याचं गोदाम, मग डाव्या हाताला चुन्याच्या रेघा मारलेली सपाट जमीन. तोच उंबरमळा. दोन वर्षांमागं तिथं मेथी होती. मेथी, शेपू, चुका, पालक आणि बांधाला शेवंती. पहाटे तोडायची आणि दिवस उगवायला बाजारात. शहर एवढं जवळ की भाजीवर पाण्याचा शिपकारा मारायची गरज नव्हती. सुकायलाच वेळ मिळत नव्हता तिला.

सातबाऱ्यावर नाव छगनचं होतं. पण वाडीत कुणीही सांगेल, मळा साळूबाईचा. छगन मोट हाकायचा आणि साळूबाई दारं धरायची. म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातनं दुसऱ्या वाफ्यात वळवायचं. काम सोपं वाटतं. करून बघा. वाफा फुटला तर मुळं उघडी पडतात, कमी भिजला तर कडेची मेथी पिवळी. साळूबाई वाफ्याकडं बघायचीसुद्धा नाही. तिकडं शेजारणीशी बोलत असायची, नाहीतर कुणाला तरी शिव्या घालत असायची, आणि मध्येच उठून खोऱ्याचा एक वार. वाफा बरोब्बर भरलेला. तिला आवाजावरनं कळायचं. कोरड्या मातीत पाणी जिरताना एक आवाज, भरलेल्या वाफ्यात दुसरा. छगन धावेवरनं, बैलांच्या उतारावरनं, ओरडायचा, "झोपली का गं?" ही खालनं, "तुमचे बैल झोपल्यात, तेंला इचारा." असा त्यांचा संसार. तीस वर्षं. एकच लेक, मालन, ती पाथर्डीकडं दिली होती.

मग बहात्तरचं साल आलं. त्या सालाचं कुणाला नव्यानं सांगायला नको. खडी फोडली सगळ्यांनी, रेशनची लाल ज्वारी, मिलो, खाल्ली सगळ्यांनी. उंबरमळ्याच्या शेजारी चाळीसेक घरांची वाडी आहे. ना धड शहरात ना धड गावात. त्यामुळं टँकर आला तर आला. वाडीच्या सगळ्या हिरी भादव्यातच तळाला गेल्या. एक सोडून. उंबरमळ्याची हीर नदीच्या जुन्या पात्रावर खणलेली. तिला बारीक पाझर होता, करंगळीएवढा, पण तुटत नव्हता.

वाडी हंडे घेऊन बांधावर उभी राहिली. आत यायला कुणी धजेना. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, त्या दुष्काळात मेथीच्या जुडीला काय भाव होता. ज्याच्याकडं पाणी त्याच्याकडं सोनं. माणूस वाटील का पिकवील?

छगन बोलायला कच्चा. तो गेला खंडोबाच्या देवळात, वाडी त्याच्या मागनं. बेल-भंडारा उचलला. मुठीत धरून म्हणाला, "माझ्या हिरीचं पानी मानसाला, जनावराला. पिकाला थेंब जानार न्हाई. हीर थारोळ्याखालच्या तिसऱ्या दगडाला लागंल तवाच मी भंडारा खाली ठेवीन."

थारोळं म्हणजे मोट जिथं रिकामी होते ती दगडाची कुंडी. त्याच्याखालचा तिसरा दगड म्हणजे हीर निम्मीच्या वर भरलेली. पाऊस पडल्याबिगर ते व्हायचं नव्हतं.

साळूबाई देवळाच्या पायरीशी उभी होती. तिच्या मळ्यात त्या दिवशी अर्धा एकर मेथी घोट्याएवढी झाली होती. आठ दिवसांत तोडायला आली असती. तिला कुणी विचारलं नाही. तिनंही काही म्हटलं नाही. घरी आल्यावर छगननं चिमूटभर भंडारा जुन्या रुमालाच्या कोपऱ्यात बांधला आणि हिरीवरच्या खांबाला अडकवला. का, तर पाण्याला येणाऱ्यांना दिसावा. मेथी वाळली. वाळताना मेथीचा वास वाढतो. चार-पाच दिवस मळ्यात कसुरी मेथीचं दुकान घातल्यासारखा वास होता, मग तोही गेला.

एवढं झालं तेव्हा साळूबाई भांडली. भांडायची सवय होती तिला. "बायकोला इच्यारायची रीत न्हाई का तुमच्यात?" छगन म्हणाला, "तू न्हाई म्हनली असतीस?" ती म्हणाली, "त्ये येगळं." आणि दोघं हसले. ते शेवटचं.

कार्तिकात पाझर बारीक झाला. गाळ साठला होता. छगन गाळ काढायला आत उतरला. वरनं सूर्यभान पाट्या ओढत होता. सूर्यभान शेजारचा, त्याचा मळा बांधाला बांध लावून. चौथी पाटी वर आली आणि हिरीच्या पोटातला एक दगड सुटला. मोठा नव्हता. नारळाएवढा. छगनच्या मानेवर पडला. तीन दिवस होता. बोलला नाही, तसाही कमीच बोलायचा.

त्याला नदीला नेला त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस हिरीवर कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी बाया आल्या. बांधावरच थांबल्या, रिकामे हंडे कमरेला. घरात लेकरं तहानलेली आणि समोर सुतक. साळूबाई ओसरीवर बसली होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "काढा की. वाट कुनाची बघता?"

ती रडली नाही. वाडीला हे अजून खुपतं. मालन आली, छाती बडवून घेतली, शेजारणींनी गळे काढले. साळूबाई गाईपुढं वैरण टाकायची, चूल पेटवायची, भाकरी थापायची, खायची. तिला कुणी काही विचारलं की उत्तर बरोबर द्यायची, पण जरा उशिरा. एका बाईनं तिला हलवून विचारलं, "साळे, रड गं एकदा, मोकळी व्हशील." ती म्हणाली, "येत न्हाई." पाणी येत नाही म्हणतात तसं म्हणाली.

मालन परत गेली नाही. तिच्या नवऱ्याकडं त्या साली ऊसतोडीची टोळी निघायची होती, पण कारखान्यांनाच ऊस नव्हता. ती दोन लेकरं घेऊन आईकडंच राहिली. तिच्या मनात एकच होतं आणि ते ती रोज बोलून दाखवायची. "पाऊस पडू दे. मी हितंच ऱ्हाते. तुज्यासंगं दारं धरते. मला न्हाई त्या कोयत्यावर जायाचं परत. पाचटात बाळंत झाली मी आये, पाचटात." साळूबाई म्हणायची, "ऱ्हा." तेवढंच. पण ते तिनं धरलं होतं मनात. बाकी सगळं सुटलं होतं, तेवढं एक धरलं होतं.

पौषात पीकपाहणीला तलाठी आला. वाडी त्याला भाऊसाहेब म्हणायची. माणूस बरा होता. सायकल बांधाला टेकवली आणि वही उघडली. कुठल्या शेतात काय उभं आहे ते बघायचं आणि लिहायचं, दर सालचं काम. उंबरमळ्यात ढेकळं होती. एक हिरवं पान नव्हतं.

"मावशी, काय लिहू?"

"दिसतंय ते ल्ह्या. पड."

भाऊसाहेबानं पेन्सिल कानावर ठेवली. "आवं, पड कुठं लिहायला लावता? दर साली बागायत हाय तुमची. शेजारच्या सूर्यभानची हीर खटखटीत आटलीय, तरी बाजंएवढ्या वाफ्यात कोथमीर दाखवली त्यानं मला. लिहिली मी बागायत. सगळ्यांनीच कुठं ना कुठं एक वाफा ठेवलाय. वरून याद्या मागवायला लागल्यात, मावशी. कुठली जमीन पड, कुठली बागायत. शहराला जागा पायजे हाय. कशापायी मागवत्यात ते मी सांगायला नको."

"मंग?"

"मंग काय मंग? समोर हीर हाय. चार हंडं वता, मेथीचं दानं टाका. आठ दिसांनी मी परत येतो. दोन पानं जरी वर आली तरी मी लिहितो बागायत."

साळूबाईनं खांबाला अडकवलेल्या रुमालाकडं बोट केलं. "त्यांनी उचलला हाय."

"ते तर गेले, मावशी."

"म्हनून तर. खाली कोन ठेवनार?"

भाऊसाहेबानं रुमालाकडं बघितलं. मग म्हणाला, "चार हंडं, मावशी. चार हंडं म्हंजे काय पीक झालं व्हय?" साळूबाई गाईपुढं वैरण टाकायला वळली. त्यानं पेन्सिल कानावरनं काढली आणि लिहिलं. पड.

ही चूक झाली म्हणतात. झाली असंल. पण ज्यांनी ज्यांनी हे नंतर म्हटलं, त्यांच्या घरातल्या हंड्यात तेव्हा पाणी कुठलं होतं, ते त्यांनी आधी सांगावं.

संक्रांतीला सूर्यभानच्या बायकोनं वाण म्हणून साळूबाईला कोथिंबिरीची जुडी आणून दिली. विधवेला वाण कुणी देत नाही. तिनं दिलं. साळूबाईनं ती आमटीत घातली, मालननं लेकरांना भाकरीबरोबर चारली. त्या साली कोथिंबिरीचा वास म्हणजे सणच.

पुढल्या साली पाऊस झाला. सगळ्यांवर झाला तसा तिच्यावरही झाला. साळूबाई रोज सकाळी हिरीत वाकून दगड मोजायची. आषाढात पाणी तिसऱ्या दगडाला लागलं. त्या दिवशी तिनं रुमाल खांबावरनं सोडला. देवळात नेला. पायरीपर्यंत गेली आणि परत आली. उचलणाऱ्यानंच ठेवायचा असतो. गाठ तिनं आपल्या कनवटीला खोचली आणि मेथी पेरली.

मालननं दारं धरली. पहिल्या दिवशी तीन वाफे फुटले. "आये, कसं कळतं गं तुला?" साळूबाई म्हणाली, "ऐक." मालन म्हणाली, "काय ऐकू?" साळूबाई म्हणाली, "आता मला पन येत न्हाई ऐकू. पन ऐक."

श्रावणात साखळी घेऊन माणसं आली. मोजणी. मळ्याच्या चार कोपऱ्यांना दगड रोवले, डोक्याला पांढरा रंग. एक दगड बरोब्बर मेथीच्या वाफ्यात. मालन अंगावर धावून गेली. "डोळं फुटलं का रं तुमचं? पीक दिसत न्हाई?" साखळी धरणारा म्हणाला, "बाई, आमच्या कागदावर ही पड हाय. पडीत पीक कसं दिसंल?" आणि तो हसला. वाईट माणूस नव्हता, सकाळपासनं उन्हात होता.

महिन्याभरात नोटीस आली. शहराच्या नव्या वसाहतीसाठी जमीन घेणार. बागायत सोडायची, पड आणि माळ घ्यायचा, असं ठरलेलं. कुणाची हरकत असंल तर दसऱ्यानंतर चावडीवर सुनावणी. वाडीच्या बाजूला एकूण तीन गट गेले होते. दोन खरोखरचे माळ. तिसरा उंबरमळा. सूर्यभानचा मळा राहिला. त्याची वहीत बागायत होती.

नोटीस वाचून दाखवली शांतवन मास्तरांनी. मिशनच्या शाळेत शिकवायचे, वाडीच्या टोकाला राहायचे. त्यांच्या घरचे दोन हंडेही वर्षभर या हिरीतनं गेले होते. ते म्हणाले, "बाई, मी अर्ज लिहितो. खरं तेच लिहू. जमीन पिढ्यान्‌पिढ्या बागायत. दुष्काळात विहीर गावाला दिली म्हणून एक साल पड राहिली. याला कोण नाही म्हणेल?" त्यांनी तीन कागद लिहिले, अक्षर मोत्यासारखं. वाडीतनं एकोणचाळीस अंगठे झाले. मालननं प्रत्येक घरी जाऊन गोळा केले, अगदी भांडण असलेल्या घरीसुद्धा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, दुपारी, सूर्यभान मळ्यात आला. साळूबाई खुरपत होती. तो बांधावर बसला, तंबाखू काढली, मळली आणि फेकून दिली.

"वयनी, एक बोलायचं हुतं."

"बोला."

"अर्जानं काय हुनार न्हाई. मी इचारून आलोय. तितं एकच इचारत्यात, पीक हुतं का न्हवतं. म्या उद्या उभा ऱ्हातो आन्‌ सांगतो, मेथी हुती. म्या पाह्यली. भाऊसायबाची नोंद चुकली. तुमी निस्तं व्हय म्हना आन्‌ अंगठा द्या. मळा सुटतो."

साळूबाई खुरपत राहिली. "भंडारा उचलल्याला हुता. मेथी हुती म्हनलं तर त्यांनी शब्द मोडला आसं व्हतं."

"तेच सांगाया आलोय." सूर्यभान बांधावरनं खाली उतरला. "भंडारा मोडलाच हाय, वयनी. म्या मोडला. आमच्या घरात मानसं चार. आमी हंडं सा न्यायचो. दोन हंडं रोज दिस मावळताना कोथमिरीला. बाजंएवढा वाफा. त्यावर माजी बागायत लागली. तुमच्या हिरीच्या पान्यावर माजा मळा ऱ्हायला आन्‌ तुमचा चालला. छगननानाला वर काढताना माजेच हात हुते, आन्‌ त्याच हातानं... शपत कवाच मोडली. आता तुमी कशाला मरता तिच्यापायी?"

मालन विळा घेऊन मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं. सूर्यभानला शिव्या घालायला तिनं तोंड उघडलं आणि मग तिच्या ध्यानात आलं की हा माणूस मळा वाचवायला आलाय. तिनं तोंड मिटलं. "आये, ऐकलंस का? मोडली म्हनं शपत. आपल्याला काय अडचन न्हाई आता."

साळूबाईनं खुरपं खाली ठेवलं. तिला राग यायला पाहिजे होता. तिनं थोडा वेळ वाट बघितली. आला नाही. तिला ती आमटी आठवली.

"मी बी खाल्ली ती कोथमीर," ती म्हणाली.

"वयनी..."

"चांगली हुती."

सूर्यभान गेला. मालन संध्याकाळपर्यंत बोलत राहिली. "मेल्याल्या मानसाच्या शब्दापायी जित्त्या मानसानं मरायचं का? बा असता तर त्यो काय म्हनला असता? त्यानं तुला तरी इचारलं हुतं का उचलताना? तूच भांडलीस त्यावरनं!" हे खरं होतं. साळूबाई म्हणाली, "व्हय. भांडले." मालन म्हणाली, "मंग?" साळूबाई म्हणाली, "भांडले त्यांच्याशी. ते हुते तवा."

चावडीवर सगळी वाडी आली होती. टेबल, त्यावर हिरवं कापड, बाहेरनं आलेले एक साहेब आणि एक कारकून. बाजूला भाऊसाहेब खाली मान घालून. मास्तरांनी अर्ज वाचला. ऐकताना वाडीतल्या बायांनी पदर डोळ्याला लावले. साहेबांनीही शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मास्तर, फार चांगलं लिहिलंय. पण यासाठी माझ्याकडं रकाना नाही. गेल्या रब्बीला या जमिनीत पीक होतं का नव्हतं, एवढंच मला लिहायचंय. साक्षीदार आहेत ना? बोलवा."

एकेक जण पुढं आला. प्रत्येकाला वाटत होतं आपण साळूबाईचं भलं करतोय.

"पीक होतं का?"

"न्हवतं, सायेब. कसं आसंल? समदं पानी आमाला पाजलं बाईनं."

कारकून लिहायचा, पीक नव्हते.

"पीक होतं का?"

"काडी न्हवती, सायेब! सवताचं रान वाळवलं आन्‌ आमची लेकरं जगवली."

पीक नव्हते.

बनुबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती काठी आपटत आली. "सायेब, माजी म्हस या हिरीच्या पान्यावर जगली. खोटं वाटत आसंल तर म्हशीला आनते साक्षीला." चावडी हसली. साहेब हसले. "म्हशीला राहू दे आजी. पीक होतं का?" म्हातारी म्हणाली, "पीक आसतं तर म्हस जगली आसती का? काय पन इच्यारतुयास!" कारकून हसत हसतच लिहीत होता. पीक नव्हते.

अशा सात साक्षी झाल्या. सात वेळा. जेवढं प्रेम जास्त, तेवढी जमीन पड. मास्तरांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी आठव्याला हात धरून मागं ओढलं. तेव्हा सूर्यभान उठला.

"हुतं सायेब! मेथी हुती. अर्धा एकर. माजा बांध हाय, म्या सवता पाह्यली. ह्या लोकान्ला काय ठावं? हे हिरीवर यायचे आन्‌ जायचे."

भाऊसाहेबानं मान वर केली. साहेबांनी चष्मा काढला, सूर्यभानकडं बघितलं, मग साळूबाईकडं. त्यांनाही सगळं कळलं होतं. तो माणूसही दगड नव्हता. त्यांनी भाऊसाहेबाला विचारलं, "नोंदीत चूक होऊ शकते?" भाऊसाहेब घाईनं म्हणाला, "व्हय सायेब. होऊ शकते. उन्हाचं... घाई हुती."

"मग ठीक आहे. शेजारी सांगतोय, तलाठी मान्य करतोय. मालकीणबाईंनी होय म्हटलं आणि अंगठा दिला की मी दुरुस्ती लिहितो." त्यांनी कारकुनाला खूण केली. कारकुनानं शाईचं पॅड उघडून टेबलाच्या कडेला सरकवलं. मालननं आईला पाठीमागनं हळूच ढकललं.

साळूबाई टेबलापाशी गेली.

"बाई, मेथी होती का तुमच्या रानात?"

तिनं पॅडकडं बघितलं. निळी शाई, मध्ये कुणाच्या तरी अंगठ्याचा खड्डा. तिचा हात कनवटीला गेला, तिथं गाठ होती, चिंचोक्याएवढी. नंतर वाडीनं लई गोष्टी केल्या, की तिच्या अंगात आलं, तिचे डोळे लाल झाले. काहीही नाही. ती भाजीचा भाव सांगावा तशी उभी होती. तिला एवढंच दिसत होतं की हा माणूस विचारतोय आणि उत्तर द्यायचंय. छगन देवळात मूठ वर करून उभा होता, तेव्हा त्याला बोलायला किती कष्ट पडले होते ते तिला ठाऊक होतं. कपाळाची शीर फुगली होती. जन्मात एकदाच तो माणूस चार लोकांत मोठ्यानं बोलला.

"न्हवती," ती म्हणाली.

"वयनी!" सूर्यभान ओरडला.

"आये, आये गं..." मालन खालीच बसली.

"नीट ऐका बाई," साहेब म्हणाले, "मी पुन्हा विचारतो. समजून सांगा."

"समजलं, सायेब. मेथी न्हवती. भादव्यात वाळली. मंग पड हुती. भाऊसायबाची चूक न्हाई. मीच म्हनले, पड ल्ह्या."

साहेबांनी चष्मा परत घातला. कारकुनानं पॅडचं झाकण लावलं. टक्‌ असा आवाज झाला, तेवढाच.

मळा गेला. मोबदला मिळाला, सगळ्यांना मिळतो तसा आला आणि गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. उभी मेथी तोडायला पंधरा दिवस दिले होते. साळूबाईनं सगळी तोडली, दगडाच्या बुडातलीसुद्धा. दिवाळी झाल्यावर मालनचा नवरा टोळीचा ट्रक घेऊन आला. मालननं लेकरं वर चढवली, भांडी चढवली, कोयता चढवला. आईकडं बघितलं नाही. ट्रक सुरू झाल्यावर उतरली, पळत आली, साळूबाईच्या पायावर डोकं ठेवलं, आणि उठून म्हणाली, "तू लई वंगाळ हायस." आणि परत चढली. साळूबाई ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभी होती. मग गोदामाच्या सावलीतनं चालत घरी आली. घर बांधापलीकडं, वाडीच्या हद्दीत आहे, ते राहिलं.

आता ती सूर्यभानच्या मळ्यात कामाला जाते. दारं धरते. यावरनंही लोक बोलतात. म्हणतात, लाज कशी वाटत नाही हिला, याच माणसानं हिचं पाणी चोरलं. बोलू द्या. दारं धरायला दुसरा मळा शिल्लक कुठं आहे तिथं? आणि तिच्याएवढी दारं धरणारी दुसरी बाई आणा, मग बोला. सूर्यभान तिच्या नजरेला नजर देत नाही. जेवणाच्या सुट्टीत तिच्यापुढं पाण्याचा तांब्या स्वतः आणून ठेवतो आणि लांब जाऊन बसतो. ती पिते.

उंबरमळ्याची हीर ढिगारा टाकून बुजवली. वर रोलर फिरवला. त्यावर आता तीस नंबरचा का एकतीस नंबरचा प्लॉट येतो. भंडाऱ्याची गाठ तिच्या कनवटीला आहेच. खाली कुठं ठेवायची ते अजून ठरलेलं नाही.

परवा एक प्लॉटवाला आला होता, नोकरदार माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला, बरोबर बायको. बांधकामाला पाणी पाहिजे, हीर कुठं खणावी म्हणून एका पाणाड्याला घेऊन फिरत होता. पाणाड्या नारळ तळहातावर ठेवून चुन्याच्या रेघांवरनं इकडनं तिकडं चालत होता. नारळ काही उभा राहीना. साळूबाई खांद्यावर खोरं टाकून सूर्यभानच्या मळ्याकडं चालली होती. ती थांबली.

"काय बगता?"

"पाणी बघतोय, मावशी."

ती चालत पुढं गेली. ना झाड, ना खूण, सगळं सपाट. एका जागी थांबली आणि पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढली.

"हितं खना. तीस हातावर हाय."

पाणाड्याला राग आला. प्लॉटवाला हसला. "तुम्हाला कसं काय माहीत, मावशी? गोडं आहे का पाणी?"

"पेयाचं हाय," साळूबाई म्हणाली, खोरं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि गेली. तिकडं मोट सुरू झाली होती.